बिनतिटाची पिल्लं

लोक विचारतात, "मोरे, कुठं होतात हो नोकरीला?" मी सांगतो, "उंदरांकडे." ऐकणारा आधी हसतो, मग त्याला वाटतं हा चेष्टा करतोय, आणि मग हमखास विचारतो, "म्हणजे मारायच्या औषधाचं दुकान?" पोलादपूरला माझ्या सासुरवाडीत तर अजून हाच समज आहे. भाताच्या कणगीला उंदीर लागले की मेहुणा फोन करतो, "भाऊजी, तुमच्याकडचं काहीतरी जालीम घेऊन या." त्याला किती वेळा सांगितलं, बाबा रे, उंदीर मरू नयेत म्हणून मला पगार मिळायचा. त्याला ते काही पटत नाही. पूर्ण खरंही नाही म्हणा ते, पण त्याबद्दल पुढं सांगतो.

महाडच्या एमआयडीसीत औषधं तपासणारी एक प्रयोगशाळा आहे. नाव सांगण्यात अर्थ नाही, बाहेरून ती गोदामासारखीच दिसते. तिथल्या प्राणीगृहाचा मी सुपरवायझर होतो. औषध माणसाच्या पोटात जाण्याआधी त्याचं बरंवाईट कुणाला तरी सोसावं लागतं, ते आमचे उंदीर सोसायचे. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे. घरात भिंतीकडेनं पळतो त्या काळ्या चोराशी त्यांचं नातं लावू नका. आमचा उंदीर हातावर घेतला तर बाहीत शिरून झोपतो.

त्यांची बडदास्त म्हणाल तर जावयाला मिळणार नाही. आत जाताना आंघोळ, अंगावरचे कपडे बाहेर, धुऊन वाफवलेले कपडे आत. अत्तर नको, तंबाखू नको, मोठ्यानं बोलणं नको. खाली अंथरायला बिरवाडीच्या गिरणीतलं भाताचं तूस, तेही वाफवून घेतलेलं. उन्हाळ्यात माझ्या घरी पंखा गरगर नुसतीच गरम हवा फिरवायचा आणि उंदीर एसीत. बायको म्हणायची, "पुढच्या जन्मी मला तुमच्या कंपनीतली उंदरीण करा." मी म्हणायचो, "आधी शेवट काय असतो ते विचार."

एवढे लाड कशासाठी? तर उंदराचं काळीज फार हळवं. ठोके आधीच आपल्या कितीतरी पट, आणि दार धाडकन वाजलं, अनोळखी वास आला की ते आणखी धावायला लागतं. घाबरलेल्या उंदरावर औषध तपासलं तर औषधाचा गुण कुठला आणि भीतीचा कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणून माझं सगळं काम एकाच वाक्यात सांगता येतं: उंदराला भिऊ द्यायचं नाही. त्याला धरायचं तेही दाबून नाही. पाठीवरून तळवा ठेवायचा, बोटं पुढच्या पायांखालून घ्यायची, आणि क्षणभर तसंच थांबायचं. त्याचे ठोके बोटांना लागतात. ते जरा ओसरले की मग उचलायचं. हे शिकायला काही जणांना महिना लागतो, काहींना जन्मात येत नाही. मला येत होतं, आणि त्याची मला घमेंडही होती.

तर आमच्याकडं लिमये मॅडम आल्या. पुण्याच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या, चष्मा सारखा नाकावर घसरणारा. मेंदू आणि हृदय यांचं काय बोलणं चालतं, हा त्यांचा विषय. मेंदूत एक रस तयार होतो, ऑक्सिटोसिन. तो मेंदूत पुरेसा असला तर घाबरलेलं काळीज लवकर थाऱ्यावर येतं का, हे त्यांना बघायचं होतं.

ऑक्सिटोसिन म्हणजे काय ते मला मॅडमच्या आधी माझ्या आतेभावानं शिकवलं होतं. हा तुडीलचा, घरी दोन म्हशी. एकीचं रेडकू मेलं आणि ती धार काढू देईना. हा पठ्ठ्या थेट माझ्या दारात. "दादा, तुझ्या कंपनीत ता पान्ह्याचा इंजेक्शन हाय म्हनं. एक बाटली दे ना."

"अरे, ते असं वापरायला बंदी आहे."

"कोन बघतोय?"

"मी बघतोय! म्हशीला चार दिवस पेंडीचं आंबोण घाल, पाठीवरून हात फिरव, सोडेल पान्हा."

तो रागावून गेला. पण म्हशीच्या पान्ह्याचा रस तोच आणि मॅडमच्या अभ्यासाचा रस तोच. आईला दूध सोडायला लावतो, तोच मेंदूत राहून धीरही देतो. मॅडमना ही म्हशीची गोष्ट सांगितली तेव्हा त्या खुर्चीत मागं रेलून हसल्या आणि म्हणाल्या, "मोरेकाका, तुमच्या भावाला पान्ह्याचं कळतंय, बंदीचं तेवढं कळत नाही." आमचं सूत जमलं ते तेव्हापासून.

प्रयोग असा होता. आमच्याच खोलीत जन्मलेली पिल्लं मोठी करायची. मग गुंगी देऊन पोटात एक छोटी डबी बसवायची. ती आतून ठोके पाठवत राहते, बाहेर कॉम्प्युटरवर रेघ उमटते. डोक्यात केसासारखी बारीक नळी. निम्म्यांना त्या नळीतून रस द्यायचा, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. नंतर प्रत्येकाला थोडा वेळ अरुंद नळकांड्यात ठेवायचं. उंदराला ते मुळीच आवडत नाही, ठोके भडकतात. बाहेर काढल्यावर कोणाचे लवकर उतरतात ते बघायचं. रसवाल्यांचे लवकर उतरावेत आणि पाणीवाल्यांचे रेंगाळावेत, अशी मॅडमची अटकळ होती.

झालं भलतंच. रसवाल्यांचे उतरले, आणि पाणीवाल्यांचेही तितक्याच झटक्यात उतरले. नळकांड्यातून बाहेर आले, अंग झाडलं, मिशा पुसल्या आणि खायला लागले. सगळेच्या सगळे जणू साधुसंत! पुन्हा करून बघितलं, तेच. मॅडमचा चेहरा पार उतरला. वरचे साहेब म्हणाले, "रसाचा काही उपयोग दिसत नाही. अभ्यास बंद करू या." बंद म्हणजे मॅडमची कित्येक महिन्यांची मेहनत पाण्यात, आणि तेवढे सगळे उंदीर कशासाठी मेले याला उत्तर नाही. हे दुसरं मला जास्त लागलं. उंदीर मेला तर मेला, पण फुकट मरू नये, एवढंच आमच्या धंद्यातलं पुण्य.

मी इरेला पेटलो. काहीतरी गफलत माझ्या प्राणीगृहात आहे, रसात नाही, असं मला आतून वाटत होतं. पाणी तपासलं, खाद्य तपासलं, दिव्यांची वेळ बघितली. शेवटी राहिली ती बाळंतिणींची खोली. तिथं पार्वतीबाईंचं राज्य.

पार्वतीबाई मूळच्या कुडपणच्या. डोंगरावरची शेती दिराच्या ताब्यात, नवरा वारलेला, मुलगा मुंबईत नोकरीला. बिरवाडीत भाड्याची खोली घेऊन कंत्राटावर आमच्याकडं कामाला. व्यालेल्या उंदरिणी आणि त्यांची पिल्लं बघायचं काम त्यांचं. उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा गुलाबी, बिनकेसाचं, डोळे मिटलेलं, करंगळीच्या पेराएवढं. पहिल्या दिवसांत आई घाबरली तर पिल्लं खाऊन टाकते. म्हणून त्या खोलीत मीसुद्धा ठरल्या वेळेशिवाय जात नसे. पण पार्वतीबाईंच्या हाताखाली पिल्लं खाण्याचं जवळजवळ बंदच झालं होतं, आणि मी ऑडिटला आलेल्यांना छाती फुगवून सांगायचो, "आमच्याकडं फार कमी प्रमाण आहे."

त्या दिवशी सकाळी मी रोजच्या वेळेआधीच आत गेलो. पार्वतीबाई नव्या बाळंतिणीच्या पिंजऱ्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. माझी चाहूल लागताच दचकून बाजूला झाल्या. मी पिंजऱ्यात वाकून बघितलं. पांढरीशुभ्र उंदरीण आणि तिचं तोंड काळं! नाकापासून हनुवटीपर्यंत.

असलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. साथीचा रोग शिरला तर अख्खं प्राणीगृह रिकामं करावं लागतं, झाडून सगळी जनावरं संपवावी लागतात. मी फोनवर मॅडमना बोलावलं. त्या धावत आल्या, अर्धी टोपी डोक्यावर, अर्धी खाली. वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "साहेबांना कळवायला हवं, काका. खोली बंद करा."

तेवढ्यात मागून आवाज आला. "रोग नाय हाय तो."

पार्वतीबाई भिंतीला टेकल्या होत्या.

"मग काय आहे?" मी विचारलं.

"काजळ हाय."

"काजळ? उंदरिणीला?"

"तिला नाय वो. पोरांना. मी तीट लावतंय तेंना. ती चाटून टाकते."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मी मॅडमकडं. मी भडकलो. "पार्वतीबाई, अक्कल गहाण टाकलीत का? बाहेरची टाचणी आत आणायला बंदी आहे इथं, आणि तुम्ही काजळाची डबी आणता?"

"घरचा हाय, भाऊ. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेला. ईखबीख नाय हाय त्यात काय."

"पण कशाला?"

मग त्यांनी सांगितलं, रडत, नाक पुसत. नोकरीला लागल्या तेव्हा त्यांच्या पहिल्याच उंदरिणीनं सगळी पिल्लं खाल्ली होती. आदल्या दिवशी ऑडिटवाले काचेतून बघून "किती गोड!" म्हणून गेले होते. म्हणजे दृष्ट लागली, दुसरं काय? तेव्हापासून त्या रोज सकाळी ग्लोव्ह काढून एकेक पिल्लू तळहातावर घ्यायच्या, कपाळावर ठिपका द्यायच्या, परत ठेवायच्या. डोळे उघडले, अंगावर केस आले की बंद. उंदरिणीचं तोंड ओल्या कापसानं पुसून घ्यायच्या. आज मी लवकर आल्यामुळं पुसायचं राहिलं.

"घरात लावायला कोन हाय मला?" त्या म्हणाल्या. "नातू झाला मुंबैला. मी डबी घेऊन गेले. सुनेनं हात धरलान माजा. सांगते, डॉक्टर नको म्हनतात, इन्फेक्शन होतो. तिचा बी बरोबर असंल. पन डबी तशीच पिशवीत घेऊन आले ना मी परत."

मला पुढं ओरडता येईना. आणि मॅडम? त्या तिथंच जमिनीवर बसल्या, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "रोज? प्रत्येक पिल्लू? काका, आपले सगळे उंदीर याच खोलीतले ना?"

"याच खोलीतले."

"मग बरोबर आहे! सगळं बरोबर आहे!"

मला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. पण त्यांनी समजावून सांगितलं ते असं. पिल्लू थोडा वेळ हातात घेऊन परत ठेवलं की आई त्याला जोरजोरात चाटते. इथं तर काजळ, म्हणजे चाटून चाटून साफ करणार. ज्या पिल्लाला लहानपणी भरपूर चाटलं जातं ते मोठेपणी कमी भितं, हे त्यांच्या शास्त्रात माहीत आहे. आमचे पाणीवाले उंदीर साधुसंत का निघाले, ते कळलं. ज्यांनी भ्यायला हवं होतं ते भीतच नव्हते, मग रसाचा गुण दिसणार कुठून?

साहेबांना सांगावंच लागलं. त्यांचा निकाल सोपा होता: बाईला आजच्या आज काढा. कंत्राटी माणसाला काढायला काय लागतं? पार्वतीबाई बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मॅडम आत गेल्या आणि त्यांचा एवढा चढा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "सर, चूक झाली हे खरं. पण त्यातून जो प्रश्न निघालाय तो माझ्या आधीच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे. मला अभ्यास नव्यानं करू द्या. आणि मला त्याच बाई हव्यात." साहेब कुरकुरले, पण एक संधी दिली. पुन्हा काही झालं तर बाई घरी आणि मॅडमचा विषय बंद.

नवा प्रयोग मॅडमनी पार्वतीबाईंना चहा पाजून सांगितला. बाळंतिणींच्या दोन खोल्या करायच्या. एका खोलीतल्या पिल्लांना रोज तीट. काजळ कंपनी तपासून देणार, डबी आतच राहणार, नोंद होणार. दुसऱ्या खोलीतल्या पिल्लांना हात नाही. कोण कुठं जाणार ते चिठ्ठ्या टाकून.

पार्वतीबाईंनी कप खाली ठेवला. "म्हंजे अर्ध्यांना लावायची आनी अर्ध्यांना नाय?"

"हो."

"तेंनी काय केलान?"

मॅडम म्हणाल्या, "मावशी, त्या खोलीत एकाला जरी लावलीत, तरी मला कळणार नाही. आणि मग ही सगळी फुकट जातील. आधीची गेली तशी."

"आधीची माज्यामुळं गेली?"

मॅडमनी मान खाली घातली. मी खिडकीबाहेर बघत बसलो. पार्वतीबाईंनी कप पुन्हा उचलला, उरलेला चहा संपवला आणि म्हणाल्या, "बरा. नाय लावनार."

खरं सांगतो, माझा विश्वास नव्हता. ज्या बाईला तीट लावल्याशिवाय चैन पडत नव्हतं, ती बंद दाराआड अर्ध्या लेकरांना तशीच सोडेल? मी पाळत ठेवली. काचेतून बघायचो. तिटाच्या खोलीत त्या पिल्लांशी तोंडातल्या तोंडात बोलत असायच्या, "ये गो बाय, ये माजी सोनी, हल नको." मग दुसऱ्या खोलीत जायच्या. पाणी बदलायच्या, खाद्य घालायच्या आणि पिंजऱ्यापुढं दोन्ही हात पाठीमागं बांधून उभ्या राहायच्या. पोटच्या पोराला शाळेत मार बसताना बघावं तसा चेहरा करून.

आणि नेमकं व्हायचं तेच झालं. बिनतिटाच्या खोलीत एका उंदरिणीनं पिल्लं खाल्ली. पार्वतीबाई माझ्या टेबलापुढं येऊन उभ्या राहिल्या. रडत नव्हत्या, संतापल्या होत्या. "झाला समाधान? मी सांगत व्हते ना?"

"पार्वतीबाई, हे असं अधूनमधून होतंच. दृष्टीमुळं नाही."

"तुमी नका सांगू मला!"

मला वाटलं, आता संपलं. आज ही बाई उरलेल्या सगळ्यांना काजळ फासणार, आणि मी तिला बोलू शकणार नाही. मी दिवसभर काचेपाशी घुटमळलो. त्या आत गेल्या. रिकामा पिंजरा काढला, तूस भरून टाकलं, बाकीच्यांचं पाणी बदललं, आणि हात पाठीमागं बांधून उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, "का नाही लावलीत?" तर माझ्यावरच खेकसल्या. "मॅडमनी माज्यावर टाकलान ना? मग? शब्द दिला तो काय गंमत म्हनून दिला काय?" माझ्या सगळ्या नोकरीत मी एवढा भरवशाचा माणूस दुसरा पाहिला नाही, आणि त्या दिवसापर्यंत मी तिच्यावर काचेतून पहारा करत होतो.

पिल्लं मोठी झाली. पुन्हा डब्या, पुन्हा नळ्या, पुन्हा नळकांडं. आणि या खेपेला रेघा अशा निघाल्या की मॅडम पॅसेजमध्ये अक्षरशः नाचल्या. तिटाच्या पिल्लांची काळजं रस द्या नाहीतर पाणी द्या, भराभर उतरली. बिनतिटाच्यांपैकी ज्यांना मेंदूत रस दिला, त्यांचीही उतरली. आणि ज्यांना तीटही नाही आणि रसही नाही, त्यांची कितीतरी वेळ धावत राहिली. आईच्या जिभेनं जे होत होतं, तेच तो रस आतून करत होता की काय, असा तो सगळा मामला. पक्कं सांगायला अजून बरंच तपासावं लागेल, असं मॅडम म्हणाल्या, पण त्यांचे डोळे चमकत होते. साहेबसुद्धा खाली येऊन बघून गेले.

मॅडमनी पार्वतीबाईंना हाताला धरून कॉम्प्युटरपुढं आणलं. "मावशी, बघा! या खालच्या रेघा तुमच्या तिटाच्या. बघा किती शांत!"

पार्वतीबाईंनी खालच्या रेघांकडं बघितलंच नाही. वरच्या रेघेवर बोट ठेवलं. "ही कोन?"

"ती... ज्यांना काहीच दिलं नाही ती."

"ना तीट, ना दवा?"

"नाही."

"आनी अजून भेताहेत?"

मॅडमचं नाचणं तिथंच थांबलं.

सुरुवातीला म्हटलं होतं की उंदीर मरू नयेत म्हणून मला पगार मिळायचा हे पूर्ण खरं नाही. प्रयोग संपला की उंदरांची काळजं आणि मेंदू काढून बघावे लागतात. म्हणजे त्यांना शांतपणे संपवायचं, आणि ते काम माझं. इतकी वर्षं केलं, पण आदल्या दिवशी मला जेवण जात नसे. बायको ओळखायची, ताट वाढून विचारायची नाही. हे काम केल्याची मला लाज नाही, पण वाईट वाटतं, अजून वाटतं.

त्या आदल्या दिवशी दुपारी पार्वतीबाई मॅडमना शोधत आल्या. "मॅडम, समदा मोजून झाला ना?"

"झालं, मावशी."

"आता लावली तर काय बिघडनार नाय ना?"

मॅडमना आधी कळलं नाही. मला कळलं. मी मॅडमना म्हटलं, "तीट म्हणतायत. वरच्या रेघेवाल्यांना."

नियमात ते कुठंच बसत नव्हतं. मॅडमनी एकदा माझ्याकडं बघितलं, नाकावरचा चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही धरा. मला अजून तुमच्यासारखं धरता येत नाही."

आम्ही तिघं त्या खोलीत गेलो. मोठाले, पूर्ण वाढलेले उंदीर. मी पाठीवर तळवा ठेवला, बोटं पायांखालून घेतली आणि ठोके ओसरायची वाट बघत थांबलो. मॅडमनी डबी धरली. पार्वतीबाईंनी ग्लोव्ह काढला, करंगळी काजळात बुडवली आणि त्या पांढऱ्या कपाळावर ठिपका दिला. उंदरानं मान झटकली, दोन्ही पाय तोंडावरून फिरवले आणि तीट पार पुसून टाकली.

"द्वाड मेला!" पार्वतीबाई म्हणाल्या, आणि पुन्हा लावली.